मेंदूत सोडलेल्या पेशींचा माग

एमआरआयला आलेल्या प्रत्येक माणसाकडून आम्ही एक फॉर्म भरून घेतो. पेसमेकर आहे का, हाडात रॉड घातलाय का, पोटात बाळ आहे का, असे सगळीकडचे नेहमीचे प्रश्न. पण मी पलूसची, आणि नोकरी मिरजेत. त्यामुळे पलूस, किर्लोस्करवाडी, रामानंदनगरकडचा पेशंट आला की एक प्रश्न मी दोनदा विचारते : कधी लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलंय का? डोळ्यात लोखंडाची कीस उडाली होती का?

लोक हसतात. आमच्या भागात हा प्रश्न म्हणजे ‘कधी ऊस खाल्लाय का’ विचारण्यासारखाच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला. नांगर, उसाचे चरक, मग पंप. तेव्हापासून इथल्या घराघरात कुणी ना कुणी लोखंड कापत, घासत, ओतत आलाय. डोळ्यात कण जाणं, कंपाउंडरनं तो काढणं, दुसऱ्या दिवशी परत मशीनवर उभं राहणं, यात कुणाला विशेष वाटत नाही. मला मात्र धडकी भरते. आमच्या मशीनचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट जोरकस आहे. धातूकाम केलेल्या एका माणसाच्या डोळ्यात असाच जुना कण राहून गेला होता. एमआरआयमध्ये तो हलला, आत रक्तस्राव झाला आणि तो डोळा गेला. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८६ साली हे छापलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न जगभरच्या फॉर्मांवर आला.

लोखंड धोक्याचं नसेल, अगदी सूक्ष्म असेल, तरी ते चित्रात लपत नाही. एमआरआयचं चित्र शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनपासून बनतं. लोखंडाचा कण आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतो, तिथला सिग्नल मरतो आणि कणापेक्षा कितीतरी मोठा काळा डाग उमटतो. आम्हाला हा डाग म्हणजे वैताग. पण काही संशोधकांनी ह्याच वैतागाचं हत्यार केलं. मेंदूत सोडलेल्या पेशी कुठे गेल्या हे शोधायला त्यांनी पेशींच्या पोटात लोखंड भरलं.

हा सगळा इतिहास मी वाचायला घेतला तो माझ्या थोरल्या काकांच्या फायलीमुळे.

काका ३० वर्षं टर्नर होते. निवृत्तीनंतर उजव्या हाताचा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर घासायला लागले, जपमाळ ओढल्यासारखे. मग चाल आखूड झाली, सही बारीक होत गेली. निदान झालं : पार्किन्सन्स, आपल्याकडे म्हणतात तो कंपवात. गोळ्या सुरू झाल्या, चार वर्षं बरी गेली. मग कुणीतरी चुलतभावाला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचा पत्ता दिला. कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल्स, वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी मणक्यातून परत सोडायच्या. फायलीत एक चकचकीत माहितीपत्रक होतं. त्यावर कुणा पेशंटच्या मेंदूची दोन चित्रं शेजारी शेजारी. ‘आधी’ : निळा-हिरवा. ‘नंतर’ : पिवळा-लाल. खर्चासाठी अर्धा एकर द्राक्षबाग काढायची बोलणीही सुरू झाली होती.

“तू रोज ह्येच बघतीस न्हवं,” काकांनी पत्रक माझ्या हातात दिलं. “मग सांग, त्या पेशी पोचल्या का न्हाई तितं?”

प्रश्न नेमका होता. ३० वर्षं मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस असाच प्रश्न विचारणार.

हा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही फार उशिरा सुचला. १९८७ साली मेक्सिकोतले न्यूरोसर्जन इग्नासिओ माद्राझो यांनी दोन पेशंटांची हकीकत छापली. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा तुकडा काढून त्यांनी तो त्या दोघांच्या मेंदूत बसवला होता आणि दोघंही विलक्षण सुधारले होते. बातमी वणव्यासारखी पसरली. अमेरिकेतही अशा शस्त्रक्रियांची रीघ लागली, शेकडो झाल्या. बसवलेल्या पेशी आत जगतायत का हे जिवंतपणी कुणालाच दिसत नव्हतं. पुढे काही पेशंट वारले, शवविच्छेदन झालं, तेव्हा कळलं की बहुतेकांच्या मेंदूत त्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. मग सुधारणा कशाची होती? शस्त्रक्रियेचीच, आशेची, आणि थोडी मोजणाऱ्याच्या डोळ्याचीही. पार्किन्सन्समध्ये आशेचा परिणाम औषधासारखा होतो. नुसत्या अपेक्षेनंही मेंदूत डोपामिन स्रवतं, हे नंतर पेट स्कॅनवरच दिसलं.

त्याच काळात स्वीडनमधल्या लुंड इथे आंदेर्स ब्यॉर्कलुंड आणि ओले लिंडवाल वेगळ्या वाटेनं चालले होते. गर्भपातानंतर मिळालेल्या भ्रूणांच्या मेंदूतल्या, डोपामिन बनवणार असलेल्या कोवळ्या पेशी ते पेशंटच्या मेंदूत बसवत. ह्या वाटेवर नैतिक वाद पुष्कळ झाले, पण त्यांची एक शिस्त मला फार आवडते. पेशंटला ‘बरं वाटतंय का’ एवढं विचारून ते थांबले नाहीत, पेशी जगल्या का तेही त्यांनी पाहिलं. त्यासाठी पेशंटचे पेट स्कॅन लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये झाले.

त्या स्कॅनमध्ये जे औषध टोचतात ते फ्लोरोडोपा. आणि इथे गोष्ट पुन्हा आपल्या बांधावर येते. तुम्ही सह्याद्रीच्या पायथ्याला वाढला असाल तर खाजकुहिली माहीत असेल. शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. तिच्या बियांमध्ये लेवोडोपा आहे हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली दाखवलं. कंपवाताच्या गोळीत असतो तोच हा पदार्थ, आणि गोळी तर १९६० च्या दशकात आली. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कुहिलीच्या बियांचा कंपवातावरचा अभ्यास १९७८ साली छापला. (म्हणून उठून बिया दळून खाऊ नका. मात्रा चुकली की त्रास होतो, आणि चालू गोळीवर ती भर पडते.) ह्याच डोपाच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलं की फ्लोरोडोपा तयार होतं. डोपामिन बनवणारी जिवंत पेशी ते डोपा समजून आत ओढून घेते आणि तिथे उजळते. मेलेली पेशी ओढून घेत नाही. फ्लोरिनची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, म्हणून सगळी घाई.

१९९० साली ‘सायन्स’ नियतकालिकात लुंडच्या एका पेशंटचं चित्र आलं. त्याच्या मेंदूच्या एकाच बाजूला पेशी बसवल्या होत्या, आणि काही महिन्यांनी नेमकी तीच बाजू उजळली होती. बसवलेल्या पेशी माणसाच्या मेंदूत जगतात याचा जिवंत माणसातला तो पहिला भक्कम पुरावा. काकांना मी हे चित्र फोनवर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

फ्लोरोडोपा चालतं ते डोपामिनवाल्या पेशींपुरतं. बाकीच्या पेशींचं काय? त्यांना आधी खूण करावी लागते. याची सुरुवात मेंदूत झाली नाही, पांढऱ्या रक्तपेशींपासून झाली. १९७० च्या दशकात त्याच हॅमरस्मिथमध्ये भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ मॅथ्यू ठाकूर काम करत. पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांत इंडियम-१११ भरून परत शिरेत सोडायची पद्धत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बसवली आणि १९७७ साली माणसांवरचे निष्कर्ष छापले. पेशी जिथे पू झालाय तिथे धावतात, कॅमेऱ्यात तो भाग चमकतो. लपलेलं गळू सापडतं. पुढे मूलपेशींच्या मागावर निघालेल्यांनी हीच युक्ती वापरली. आणि दिसलं ते काहीसं हिरमोड करणारं : शिरेतून सोडलेल्या पेशींचा मोठा वाटा आधी फुप्फुसात अडकतो, मग यकृत-प्लीहेत जातो. मेंदूपर्यंत पोचतो तो चिमूटभर. शिवाय इंडियमची ताकद तीनेक दिवसांतच निम्मी होते. मेंदूत पेशी रुजायला महिने लागतात, तेवढा वेळ हा दिवा जळतच नाही.

म्हणून लोखंड. लोखंड विझत नाही. यकृताच्या एमआरआयसाठी लोखंडाच्या ऑक्साइडचं एक औषध अमेरिकेत १९९६ पासून मिळत होतं, नाव फेरिडेक्स. जेफ बुल्टे, जोसेफ फ्रँक, अली अरबाब अशा संशोधकांनी २००१ ते २००४ च्या दरम्यान मूलपेशींनी असे कण गिळावेत यासाठी निरनिराळ्या युक्त्या काढल्या. एका पेशीत साधारण १०-२० पिकोग्रॅम लोखंड. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग. काकांना सांगितलं तर म्हणाले, “आमच्या एका किसात किती पेशी भरतील गं?”

२००६ साली शांघायच्या हुआशान हॉस्पिटलमधल्या झू जियानहोंग यांच्या गटानं ही रीत थेट माणसाच्या मेंदूत नेली. अपघातात मेंदू उघडा पडलेल्या पेशंटच्या त्याच ऊतीतून त्यांनी मूलपेशी वाढवल्या, लोखंड भरलं आणि जखमेभोवती टोचल्या. एमआरआयवर टोचल्या ठिकाणी काळे ठिपके दिसले. पुढच्या आठवड्यांत ठिपके जखमेच्या कडेनं सरकत गेले, मग पुसट होत मावळले. माणसाच्या मेंदूत पेशी चालताना दिसल्या! मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. रोज काळे डाग बघून विटलेल्या बाईच्या.

पण ठिपका नक्की कशाचा?

भिलवडीच्या बाजूला दुधाचा धंदा मोठा. घरोघरी म्हशी, आणि म्हशीच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला, त्यावर १२ आकडी नंबर. समजा चिखलात बिल्ला सापडला. म्हैस तिथे आहे असं म्हणाल? बिल्ला तुटून पडला असेल. म्हैस मेली असेल. किंवा पोरानं तो उचलून खिशात घातला असेल आणि आता बिल्ला गावभर फिरतोय. लोखंडाचंही तसंच होतं. पेशी मेली तरी लोखंड राहतं, आणि मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून चालू लागतात. चित्रात काळा ठिपका तसाच दिसतो. उंदरांच्या हृदयावर २००७-०८ मध्ये झालेल्या प्रयोगांनी हे लख्ख दाखवलं : एमआरआयवर ठिपके कायम, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सोडलेल्या पेशी बहुतेक मेलेल्या, आणि लोखंड सफाईवाल्यांच्या पोटात. त्यात जुन्या रक्तस्रावाचा डागही काळाच. सुई मेंदूत घातली की थोडं रक्त येतंच. ठिपका सरकला म्हणजे पेशी चालली, हा निष्कर्ष मग बराच सैल पडतो.

२००८ साली फेरिडेक्सचं उत्पादनच थांबलं. कारण बाजाराचं होतं, यकृतासाठी त्याला फारसं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मेंदूतल्या पेशींचा माग काढणाऱ्यांचं हत्यार असं अचानक दुकानातून गेलं. मग २०१२ मध्ये एका गटानं रक्तक्षयावर दिलं जाणारं लोहाचं इंजेक्शन, फेरुमॉक्सिटॉल, आणखी दोन नेहमीच्या औषधांत मिसळून तेच काम करून दाखवलं. कुणी फ्लोरिनकडे वळलं, कारण मऊ ऊतींत ते जवळपास नसतंच, म्हणजे दिसलं तर सोडलेलंच दिसणार. सगळ्यात खात्रीची वाट जनुकाची : पेशीतच असं जनुक घालायचं की ती जिवंत असेतोवरच खूण उमटावी, ती विभागली तर पिल्लांतही जावी. कॅलिफोर्नियात मेंदूच्या गाठीच्या एका पेशंटमध्ये २००९ साली असं करून दाखवलं गेलं; त्याच्या प्रतिकारपेशी पेट स्कॅनवर गाठीपाशी दिसल्या. पण उपचारासाठी माणसाच्या पेशीत परकं जनुक घालायचं म्हणजे परवानग्या, धोके, वर्षानुवर्षं. ती वाट अजून अरुंदच आहे.

आता काकांच्या पत्रकावरची दोन चित्रं. त्यात लोखंड नाही, इंडियम नाही, जनुक नाही. सकाळी काढलेल्या पेशी संध्याकाळी तशाच परत जाणार, कुठलीही खूण न करता. म्हणजे बिल्लाच नाही. मग लाल-पिवळं काय दिसतंय? ते आहे एफडीजी पेट, साखरेचा स्कॅन. मेंदूचा कोणता भाग किती साखर खातो एवढंच तो सांगतो. ते प्रमाण रक्तातली साखर, झोप, गोळ्यांची वेळ, सुई टोचल्यावर डोळे उघडे होते की मिटलेले, यानंही बदलतं. आणि रंग तर आम्हीच देतो. माऊसनं एक पट्टी सरकवली की निळा मेंदू लाल होतो. मी सेंटरवरच्या एका जुन्या, नावगाव काढलेल्या स्कॅनवर हे काकांच्या समोर करून दाखवलं. तोच मेंदू, तीच मिनिटं, चार रंग. दोन चित्रांच्या बाजूला एकच रंगपट्टी आणि आकडे छापले नसतील तर ती तुलना माझ्या लेखी शून्य आहे. पत्रकावर ते नव्हते.

चुलतभाऊ चिडला. “पण चित्र बदललंय ना ताई? काहीतरी झालंय ना?” त्याचा राग मला कळतो. बापाचा शर्ट रोज सकाळी तोच घालून देतो, बटणं लावतो. त्याला रंगपट्टीचं शास्त्र सांगणारी बहीण नको होती.

त्याला मी नियम दाखवला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मूलपेशी-संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१७ ची. रक्ताच्या काही ठरावीक आजारांत होणारं मगजाचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा बाकी सगळा वापर हे संशोधन आहे आणि तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं स्वमग्नतेसाठी, म्हणजे ऑटिझमसाठी, मूलपेशी उपचार करू नयेत अशी शिफारस केली. आणि आपल्या देशात पक्षाघातावर नीट चाचणी झालेलीही आहे. पाच केंद्रं, १२० पेशंट, निम्म्यांना त्यांच्याच मगजातल्या पेशी शिरेतून. २०१४ मध्ये निकाल आला : धोका दिसला नाही, फायदाही दिसला नाही. असा निकाल छापायला धीर लागतो. चकचकीत पत्रकावर तो कधी येणार नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की खरी अडचण चित्राची आहे, चांगलं चित्र मिळालं की झालं. लुंडचं चित्र तर चांगलं होतं. त्याच्या जोरावर अमेरिकेत कर्ट फ्रीड आणि सहकाऱ्यांनी ४० पेशंटांची चाचणी केली. २० जणांना भ्रूणपेशी बसवल्या, बाकी २० जणांच्या कवटीला फक्त छिद्रं पाडली. कुणाला काय मिळालं हे पेशंटला माहीत नाही. क्रूर वाटतं, पण माद्राझोनंतर दुसरा इलाज नव्हता. २००१ चा निकाल असा : स्कॅनवर किंवा शवविच्छेदनात २० पैकी १७ जणांच्या मेंदूत पेशी रुजून फुटवे आलेले. पण पेशंटनं स्वतः सांगितलेल्या सुधारणेत, जो चाचणीचा मुख्य निकष होता, दोन्ही गटांत फरक नाही. आणि पेशी बसवलेल्यांपैकी १५ टक्के लोकांना पुढे वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या, गोळ्या कमी केल्या तरी न थांबणाऱ्या.

लुंडचा आणखी एक पेशंट माझ्या डोक्यातून जात नाही. शस्त्रक्रियेनंतर तो कितीतरी वर्षं सुधारला, गोळ्याही सुटल्या. मग हळूहळू आजार परत वर आला, बुद्धीही मंदावली. २४ वर्षांनी तो वारला. मेंदू तपासला तर बसवलेल्या पेशी तिथेच होत्या, जिवंत, चहूबाजूंनी धागे पसरलेल्या. त्यातल्या काहींत पार्किन्सन्सच्या खुणाही उमटल्या होत्या. भोवतीचा आजार नव्या पेशींनाही लागला होता. पेशी दिसत होती, काम करायच्या जागी होती, आणि माणूस तरी खालावत गेला होता.

काकांनी बाग सध्या काढलेली नाही. छाटणी झाली, द्राक्षं आली, भाव पडला, नेहमीसारखंच. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी बदलून दिल्या आणि दुपारचं थिजणं थोडं कमी झालं. भावानं पत्रक टाकून दिलेलं नाही, तो ते टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवतो. मी काही बोलत नाही.

मात्र एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन निबंध आले ते मी त्याला पाठवले. एक क्योटोचा, सात पेशंटांचा. दुसरा उत्तर अमेरिकेतला, १२ पेशंटांचा. दोन्हीत प्रयोगशाळेत मूलपेशींपासून वाढवलेल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी शस्त्रक्रिया करून थेट मेंदूत, नेमक्या जागी बसवल्या. दोन्हीत फ्लोरोडोपाचे स्कॅन घेतले, आकड्यांसकट, आणि बसवल्या जागी उजेड वाढलेला दिसला. भ्रूणपेशींच्या वेळी झाल्या तशा वेड्या हालचाली अजून दिसलेल्या नाहीत. पण ह्या चाचण्या मुख्यतः सुरक्षिततेच्या होत्या. उपयोग होतो का, हे ठरवायला त्यातल्या अमेरिकी गटानं पुढची मोठी चाचणी हाती घेतली आहे. त्यातही काही जणांची शस्त्रक्रिया खोटी असेल आणि कुणाची खोटी हे त्यांना सांगितलं जाणार नाही.

भावाचा उलट मेसेज आला : “हे भारतात कधी?” पाठोपाठ दुसरा : “अप्पा विचारतायत, डोळ्यात जुना कण असला तर चालतंय का?”